पाठराखण

साहित्याच्या वर्तुळात ‘बॅकअप’ हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक सौम्य कंटाळा उमटतो. तो शब्द संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाचा, कार्यालयातल्या तंत्रविभागाचा, फार तर घरातल्या एखाद्या भाच्याचा. आपला नव्हे, अशी एक मूक समजूत आहे. पाठभेदांवर तासभर अस्खलित बोलू शकणारे प्राध्यापक स्वतःच्या तीस वर्षांच्या टिपणांची एकुलती एक प्रत एका लॅपटॉपच्या पोटात ठेवून निर्धास्त झोपी जातात. आम्हाला ही विसंगती नुसती गमतीची वाटत नाही. ग्रंथाचा पाठ कसा टिकतो, कसा बिघडतो आणि बिघडल्यावर कसा मिळवता येतो, हा ज्यांच्या विद्याशाखेचा गाभा, त्यांनीच हा विषय परक्याच्या हाती सोपवावा हे काही बरे लक्षण नव्हे.

खरे तर मराठीत या कामाला एक सुंदर शब्द तयारच आहे: पाठराखण. सासरी निघालेल्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, ती नवरीची जागा घ्यायला नव्हे. सोबत असायला आणि वेळ आली तर सावरून घ्यायला. ‘ती पाठ’ आणि ‘तो पाठ’ असे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी नांदतात, तेव्हा ग्रंथाचा पाठ राखण्यालाही पाठराखण म्हटले तर कोशकारांनी रागावू नये.

प्रथम एक हिशेब. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत (म्हणजे यूटीएफ-८ मध्ये) तीन बाइट जागा घेते. पानाला तीनशे शब्द धरले तर तीनशे पानांची कादंबरी जेमतेम दीड-दोन मेगाबाइटांत मावते. एखाद्या दमदार लेखकाने आयुष्यभरात अशी पंचवीस पुस्तके लिहिली तरी सारे मिळून पन्नास मेगाबाइट. म्हणजे नातवाच्या वाढदिवसाला मोबाइलवर काढलेल्या दहा-बारा छायाचित्रांएवढे. जागा नाही, खर्च परवडत नाही, ही सबब लेखकाला तरी उपलब्ध नाही. संशोधकाचे थोडे निराळे. लोकगीतांचे, कीर्तनांचे, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जाने आणि न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. चाळीस तासांच्या क्षेत्रकार्याला पंचवीस गिगाबाइट. तेही आजच्या डिस्कच्या मानाने किरकोळच.

अडचण जागेची नाही, समजुतीची आहे. त्यातली सर्वांत मोठी गैरसमजूत अशी की, आपल्या फाइली कुठल्यातरी ‘ड्राइव्ह’वर आपोआप चढतात, तेव्हा बॅकअप झालेलाच आहे. ते बॅकअप नव्हे. ते आरसा धरणे आहे. तुम्ही इकडे प्रकरण खोडले की तिकडेही ते खोडले जाते. इकडची फाइल बिघडली की बिघडलेलीच फाइल मोठ्या इमानाने तिकडे पोचते. जुनी आवृत्ती अशा सेवा ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा महिनाभर, ठेवतात. पण चौथ्या प्रकरणातला परिच्छेद गायब झाला आहे हे लेखकाच्या ध्यानात सहा महिन्यांनी येते, महिन्याच्या आत नव्हे.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. एकाच मातृकेवरून उतरलेल्या दहा पोथ्या या दहा साक्षी नसतात. मातृकेतली चूक दहाही पोथ्या सारख्याच निष्ठेने वागवतात. साक्ष मोलाची ठरते ती स्वतंत्र असेल तेव्हा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न प्रतींच्या टंचाईचा नव्हता. लोकांच्या हाती फिरून पाठ अशुद्ध झालेल्या प्रतींचा होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली, ती विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते घराण्यांनुसार लावून घेतली म्हणून. काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम लिपीतली पोथी जिथे एकच शब्द सांगतात, तिथे त्या शब्दाला वजन येते, कारण या दोघींची गाठभेट शतकानुशतके झालेली नसते. घरच्या संगणकाच्या पाठराखणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे: प्रती एकमेकींपासून दूर आणि एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. संगणकवाले याला ‘तीन-दोन-एक’चा नियम म्हणतात. प्रती तीन, साठवणीची साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. हा संकेत रूढ केला तो पीटर क्रोह या छायाचित्रकाराने, संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने नव्हे, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

मग करायचे काय? यूएसबीची डिस्क विकत घेऊन दर रविवारी जोडायची, हा मार्ग चांगला आहे. त्यात खोट एवढीच की रविवार विसरला जातो. माणसाच्या आठवणीवर सोपवलेली पाठराखण दोन महिन्यांत थकते. म्हणूनच आम्ही घरच्या जाळ्यावरून, माणसाने हात न लावता होणाऱ्या बॅकअपचा आग्रह धरतो. घरात इंटरनेटसाठी राउटर असतोच. त्याला तारेने एक साठवणपेटी जोडायची. बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात. एक किंवा दोन डिस्क बसणारी, पुस्तकाच्या दोन जाड खंडांएवढी वस्तू. ती घेणे नको असेल तर माळ्यावर टाकलेला जुना संगणक लिनक्स घालून याच कामाला जुंपता येतो. विंडोजच्या यंत्रांना लिनक्सवरच्या फाइली दिसाव्यात यासाठीचा ‘सांबा’ आणि फाइलीतला फक्त बदललेला अंश पाठवणारा ‘आरसिंक’, ही दोन्ही विनामूल्य साधने ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांच्या हातून सुरू झाली. पहिले १९९२च्या सुमारास, दुसरे पॉल मॅकेरस यांच्या जोडीने १९९६ मध्ये. जगातल्या असंख्य साठवणपेट्यांच्या आत आजही हीच दोन साधने काम करत असतात.

पेटीला राउटरमध्ये कायमचा पत्ता नेमून द्यावा, नाहीतर वीज जाऊन आली की पेटीचा पत्ता बदलतो, संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो आणि त्याची हाक कुणी ऐकत नाही हे मालकाला कळत नाही. आपल्याकडची वीज ध्यानात घेता राउटर आणि पेटी दोन्ही यूपीएसवर असलेली बरी. पहिली प्रत मोठी असते. ती वायफायने पाठवण्याचा हट्ट धरू नये, तार लावून एका रात्रीत उरकून घ्यावी. पुढे रोज जाते ते फक्त त्या दिवशी बदललेले. मॅकवर २००७ पासून ‘टाइम मशीन’ आहे, विंडोजवर २०१२ पासून ‘फाइल हिस्टरी’. दोन्हींना जाळ्यावरची जागा दाखवून द्यावी लागते, आणि दुसरे तर मुद्दाम चालूही करावे लागते. टाइम मशीनची रीत आम्हाला विशेष आवडते: गेल्या चोवीस तासांच्या तासातासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या, आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या, जागा पुरेल तोवर. माणसाची आठवणही साधारण अशीच विरळ होत जाते.

दोन डिस्कच्या पेटीविषयी एक इशारा. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जाण्याची सोय असते. तिला पुष्कळ लोक बॅकअप समजतात. एक डिस्क निकामी झाली तर ती तारून नेते, हे खरे. पण खोडलेले प्रकरण दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी खोडले जाते. पुन्हा आरसाच.

त्याहून मोठा धोका खंडणीखोर विषाणूंचा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला तो जाळ्यावरून फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या एका भोकातून. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेल्या यंत्रांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. असा विषाणू संगणकात शिरला की संगणकाला जिथे जिथे लिहिता येते तिथल्या साऱ्या फाइली कुलूपबंद करतो. साठवणपेटी कायमची जोडलेली आणि खुली असेल तर तीही. म्हणून ती जुनी आवृत्ती पेटीत बंद करावी. बॅकअपसाठी पेटीवर निराळे खाते आणि निराळा संकेतशब्द असावा, रोजच्या वापराचा नव्हे. आणि पेटीने स्वतःच्या ठराविक वेळच्या गोठवलेल्या प्रती ठेवाव्यात, ज्यांत संगणकाला काही बदलता येणार नाही. त्याहून बरे म्हणजे पेटीनेच संगणकाकडून फाइली ओढून घ्याव्यात, संगणकाला पेटीत लिहिण्याचा अधिकारच देऊ नये. बाहेरगावाहून फाइली पाहता याव्यात म्हणून पेटीचे दार थेट इंटरनेटकडे उघडून ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. अशा उघड्या पेट्यांवर जानेवारी २०२२ मध्ये मोठा हल्ला झाला, तेव्हा पाठराखीणच ओलीस धरली गेली.

एवढे केले तरी पेटी आणि संगणक एकाच छपराखाली असतात. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतून कितीतरी घरांचे कागद गेले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या ग्रंथालयातली पुस्तके लगदा होऊन बाहेर काढावी लागली. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेत जे घडले त्याला तर पाऊसही लागला नाही, जमाव पुरला. पाण्याला, आगीला आणि जमावाला मूळ प्रत कोणती आणि राखीव कोणती हे कळत नसते.

घराबाहेरच्या प्रतीचे मोल सांगणारी एक गोष्ट चित्रपटसृष्टीतली आहे. १९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने भराभर खोडल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो बरेच दिवस नीट चालत नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. चित्रपट वाचला तो तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी चित्रपटाची प्रत घरी ठेवली होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीच्या मागच्या आसनावर ठेवून स्टुडिओत नेण्यात आला. आम्हाला या कथेत दोन गोष्टी दिसतात. प्रत दूर होती म्हणून उपयोगी पडली, ही उघड गोष्ट. दुसरी अशी की जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही त्याला बॅकअप म्हणण्यात अर्थ नसतो. महिन्याच्या एक तारखेला पेटीतून एखादे प्रकरण काढावे, दुसऱ्याच यंत्रावर उघडावे आणि चार पाने वाचावीत. वेदपाठकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. पद, क्रम, जटा, घन असे तेच शब्द उलटसुलट क्रमाने म्हणण्याची जी रीत, ती साठवण्याइतकीच तपासण्याची रीत होती. एक अक्षर ढळले तरी घनपाठात ते उघडे पडते. (या चोख व्यवस्थेची दारे कुणाला बंद होती, हा प्रश्न निराळा आणि त्याहून मोठा. जात्यावर बसलेल्या बाईची ओवी कुणी घनपाठाने राखली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुढे २०१७ पासून ‘पारी’ने त्या लोकांपुढे आणल्या, म्हणून आज त्या ऐकता तरी येतात.)

दूरची प्रत कुठे ठेवावी? भाड्याच्या ढगात ठेवता येते. आपल्याकडच्या जोडणीत वर चढवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट असेल तर शंभर गिगाबाइटांना बावीस तासांहून अधिक लागतील. लागू द्यावेत, घाई कुणाला आहे? पण ढग म्हणजे परक्याचे घर, एवढे भान असावे. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले, सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस ऑर्कुट. दोन्हींकडे मराठी मजकूर होता आणि तो किती वाचला याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. त्यापेक्षा आमच्या मनात येते ती जुनी रीत: दोन गावांतल्या दोन मित्रांनी एकमेकांच्या पेट्यांत एकमेकांची प्रत ठेवावी, अर्थात कुलूप लावून. देहूच्या इंद्रायणीच्या कथेत गाथा तेरा दिवसांनी वर आली असे श्रद्धा सांगते; इतिहासाच्या हाती मात्र संताजी जगनाड्यांच्या वह्या लागतात, ज्यांवरून वि. ल. भाव्यांनी पुढे गाथा छापली. मित्राच्या घरची वही ही मराठी वाङ्मयाची सर्वांत विश्वासू साठवणपेटी ठरली आहे.

कुलपाचे मात्र दोन पदर आहेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. लीळाचरित्राची म्हाइंभटांची मूळ प्रत धामधुमीत गेली, तेव्हा शिष्यपरंपरेने ती स्मरणातून पुन्हा उभी केली आणि पाठभेद घेऊनच ती आपल्यापर्यंत आली. सांकेतिक लिपीने ग्रंथ पुढच्या शतकांत सांभाळले खरे, पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भाव्यांसारख्यांच्या हाती किल्ली येईपर्यंत मराठीच्या अभ्यासकांना हे अफाट गद्य जवळजवळ नव्हतेच. कूटबद्ध केलेल्या बॅकअपचा संकेतशब्द हरवला तर महानुभावांची किल्लीदेखील उपयोगी पडणार नाही. आजचे कूट कुणी विद्वान बसून उकलू शकत नाही. तो शब्द कागदावर, पाकिटात, मृत्युपत्राशेजारी असावा.

आणि किल्ली नसताना बंद झालेले दुसरे एक दप्तर तर आपल्या सर्वांच्याच घरी आहे. १९९० च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे मराठी मजकूर टंकित झाला तो युनिकोडेतर फाँटांत. त्या फाँटांत ‘क’ला स्वतःची ओळख नव्हती, रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असे. फाँट गेला की फाइल उघडते, पण समोर रोमन अक्षरांचा उकिरडा दिसतो. अशी फाइल तीन पेट्यांत ठेवली तरी ती राखली असे म्हणवत नाही. रूपांतराची साधने आज मिळतात. जोडाक्षरे आणि रफार तपासत बसावे लागते, पण हे काम ज्या फाँटांची नावे अजून कुणाला आठवतात तोवरच होणारे आहे.

यावर एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. लेखकाचे कच्चे खर्डे राखावेतच का? खोडण्याचा अधिकार हा लेखनाच्या अधिकाराचाच भाग नव्हे का? काफ्काने जाळायला सांगितलेले माक्स ब्रोडने छापले, त्याविषयी आपण कृतज्ञ आहोत आणि थोडे अस्वस्थही. आमचे मत असे की, जाळणे ही लेखकाने केलेली निवड असावी, डिस्कने केलेली नव्हे. वहीच्या काळात खोडलेली ओळ खोडलेली म्हणून शिल्लक राही. संगणकावर ती आली होती याचीही खूण उरत नाही. आवृत्त्या राखणारा बॅकअप ही खूण परत देतो, आणि ज्याला ती नको त्याला ती पुसताही येते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने सलमान रश्दींचे जुने संगणकच जतन केले आणि २०१० मध्ये त्यातला एक जसाच्या तसा अभ्यासकांना वापरता येईल अशी सोय केली. मराठीतल्या कुठल्या लेखकाचा संगणक कुठल्या विद्यापीठाने मागून घेतला? भंगारवाल्याने मात्र पुष्कळ मागून नेले असतील.

विद्यापीठांची तऱ्हा अशी की अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात द्यावा लागतो आणि तो ‘शोधगंगे’त जातो. चांगलेच आहे. पण तिथे पोचतो तो बांधलेला प्रबंध. ज्या मुलाखतींवर, ज्या ध्वनिफितींवर, पोथ्यांच्या ज्या छायाचित्रांवर तो उभा असतो ते सारे विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच राहते आणि लॅपटॉपबरोबरच जाते. मराठी विभागांनी एक साठवणपेटी घ्यावी, तिची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या विभागात ठेवावी, आणि त्यांची प्रत आपल्याकडे. खर्च एका चर्चासत्राच्या चहापानाहून फार अधिक नाही. विद्यार्थ्याने प्रवेश घेतल्या दिवशीच त्याला त्या पेटीवर खाते मिळावे. आणि मौखिक परीक्षेच्या वेळी, नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर, परीक्षकांनी प्रबंधातल्या कुठल्याही एका तळटिपेवर बोट ठेवून म्हणावे: या बाईंची मुलाखत त्या दुसऱ्या गावच्या पेटीतून काढा आणि दोन मिनिटे ऐकवा.